जांभूळकोंडची खालची शाळा

शाळेतले दोन्ही शिक्षक टिकावेत म्हणून विमलाबाई सड्यावर मुलं मागायला गेल्या, तिथून हे सगळं सुरू झालं. दोष द्यायचाच तर आधी त्यांनाच द्यावा लागेल, आणि पुढे त्यांनी तो स्वतःला इतक्या वेळा दिला की दुसऱ्या कुणी द्यायची गरज उरली नाही.

जांभूळकोंड रत्नागिरीच्या एसटी स्टँडपासून चार-साडेचार मैलांवर. वर कातळाचा उघडाबोडका सडा. सड्यावरून चिऱ्यांची पाखाडी पायरी पायरीने खाली उतरते, मध्येच एक व्हाळ, म्हणजे ओढा, ओलांडते आणि देवळापाशी येऊन थांबते. देवळाला लागून शाळा, शाळेच्या मागे वाडी. पंचवीस-तीस घरं. घरात बायका, म्हातारी माणसं आणि पोरं. कर्ते पुरुष मुंबईला. शाळा म्हणजे चिऱ्याच्या दोन खोल्या आणि पुढे पडवी. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या.

विमलाबाई गावच्याच, गुरवांच्या घरातल्या. लग्न होऊन लांज्याकडे गेल्या आणि चार वर्षांत पांढऱ्या कपाळाने परत आल्या. वडील देवाचे पुजारी. त्यांनी एक महिना मुलीला रडू दिलं आणि मग म्हणाले, "फायनल पास आहेस ना, मग चुलीपुढे कशाला कुजतेस." तेव्हापासून त्या शाळेत. मधे पाच वर्षं बदलीवर काढली, ती सोडली तर वाडीतल्या प्रत्येक पोराने 'अ' त्यांच्याच हाताखाली गिरवला होता. वडील गेल्यावर पूजा धाकट्या भावाकडे, लवूकडे आली. बाई त्याच्याच घरात, मागच्या दारच्या खोलीत राहत.

एक्याऐंशी सालच्या जूनमध्ये पट चौतिसावर आला. दोन बिऱ्हाडं पोरांसकट मुंबईला गेली होती. चाळीस भरले नाहीत तर दोघांतल्या एका शिक्षकाला उचलणार, असा निरोप आला.

"चार वर्ग आणि एक माणूस म्हणजे शिकवणं नव्हे, गुरं राखणं," मुख्याध्यापक काशीराम गुरुजी म्हणाले, आणि त्यांनी तपकीर ओढली. त्यांच्या निवृत्तीला पाच वर्षं राहिली होती. एवढ्या तेवढ्यासाठी चप्पल झिजवणारे ते नव्हते.

बाई मात्र उठल्या. सड्यावर दोन वर्षांपूर्वी एक कारखाना आला होता. त्याच्या मागोमाग कुणीतरी कातळावर चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडले होते आणि चिऱ्याची बुटकी बुटकी घरं उभी राहायला लागली होती. गावात त्या सगळ्याला एकच नाव, प्लॉट. आणि तिथल्या माणसांना प्लॉटवाले. शाळेचं पाणी भरणारी हौसा वाडीतलीच. तिला बरोबर घेऊन बाई पाखाडी चढल्या.

पहिल्याच घरात यमुनाबाई भेटली. नवरा कारखान्यात फिटर, माणसं कराडकडची. पोरगी शालन पहिलीत घालायची होती.

"आम्ही रत्नागिरीत घालणार हाय तिला, एसटीनं," यमुनाबाई म्हणाली. "तुमची शाळा दरीत. पोरगी उतरायची कशी?"

"मी नेईन. सकाळी साडेदहाला पाखाडीच्या तोंडाशी उभी राहीन. संध्याकाळी आणून सोडीन."

"रोज?"

"रोज."

"पावसात?"

"पावसात मी घरी बसत नाही. आणि एसटीने पाठवलीत तर रस्ता ओलांडून कोण देणार तिला? कंडक्टर?"

यमुनाबाईने पोरीकडे पाहिलं. सहा वर्षांची पोर हमरस्त्यावर ट्रकांच्या मधे उभी आहे, हे कुठल्याही आईला न सांगता दिसतं. तिने होय म्हटलं. त्या दिवशी अकरा मुलं मिळाली. पट पंचेचाळीस झाला.

घरी लवूने चेष्टा केली. "दारोदार तांदूळ मागणारे बघितले, पोरं मागणारी तूच पहिली."

"तांदूळ मागितले असते तर तू जेवला असतास," बाई म्हणाल्या. "गप पान लाव."

दोन वर्षं फार छान गेली. ती दोन वर्षं बाईंना पुढे पुढे खोटी वाटायला लागली, पण तेव्हा खरीच होती. रोज सकाळी त्या पाखाडीच्या तोंडाशी उभ्या राहायच्या आणि पोरांची रांग घेऊन उतरायच्या. व्हाळाला पाणी असलं की एकेकाला बखोटीला धरून पलीकडे ठेवायच्या. वाडीतली पोरं शालनला खेकडे धरायला शिकवायची, शालन त्यांना 'गाव' म्हणून साताऱ्याकडचं गाव रंगवून सांगायची, जिथे जमीन काळी असते आणि खणली तरी दगड लागत नाही. पोरांना ते पटत नसे.

त्र्याऐंशीनंतर बाईंना वर जाऊन मागावं लागलं नाही. मुलं आपणहून येऊ लागली. कारखान्यातली, एसटीच्या ड्रायव्हर-कंडक्टरांची, कचेऱ्यांतल्या कारकुनांची, चिरेखाणीवर विजापूरकडून आलेल्या मजुरांची. एका घराच्या चार खोल्या पाडून चार बिऱ्हाडं राहू लागली. शहरात भाडं परवडत नाही तो सड्यावर, आणि सड्यावरच्याची पोरं खालच्या शाळेत. पंच्याऐंशीच्या जूनमध्ये पट एकशे शहाऐंशी झाला. खोल्या दोनच. एक शिक्षक वाढवून मिळाला, तो दिवाळीत रजेवर गेला तो परत आला नाही.

एका खोलीत पहिली पूर्वेकडे तोंड करून, दुसरी पश्चिमेकडे, पाठीला पाठ. तिसरी पडवीत. पावसाची झड आली की तिसरी उठून आत यायची आणि उभी राहायची. बसायला जागा नसे. पाटी मांडीवर धरली तर कोपर शेजारच्याच्या डोळ्यात. बाई आवाज चढवून शिकवायच्या, कारण काशीराम गुरुजी भिंतीपलीकडे त्याहून चढवून शिकवत असत. रात्री घशात मीठ-हळदीचं पाणी. कुणाला काय येतं, कुणाला काय येत नाही, हे ज्या बाईंना पोराच्या चालण्यावरून कळायचं, त्यांना आता मागच्या रांगेतल्या पोरांची नावं आठवेनात. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही. सांगण्यासारखी नव्हतीच.

पाण्याचं तर विचारूच नये. देवाची विहीर एकच, वाडीला आणि शाळेला मिळून. सड्यावर बोअर मारून मारून कातळाशिवाय काही लागलं नाही, तेव्हा प्लॉटवाल्यांच्या कुणा ठेकेदाराने व्हाळाच्या डोहाला पंप लावला. डोहाचं पाणी विहिरीला झिरपायचं. ते आता वर जाऊ लागलं.

"बाई, आदी आठ हात दोर पुरायचा," हौसा म्हणायची. "आता सोळा हात सोडते, तरी तळाला हंडा खडखडतो. कार्तिक हाय हा. चैतात काय करायचं?"

एकशे शहाऐंशी पोरांना दिवसाला चार हंडे. एक ओगराळं, तेच सगळ्यांच्या तोंडाला. एक दिवस कुणीशी प्लॉटवाली पोराला न्यायला आली, आपली बाटली विहिरीवर भरू लागली. वाडीतल्या बायका पाळी लावून उभ्या.

"पाळीने घ्या," कुणीतरी म्हणालं.

"विहीर काय तुमच्या बापाची आहे?"

"न्हाय बाय, देवाची हाय," हौसा म्हणाली. "पन डोह तुमी पिलात. आता तळचा गाळ तरी पाळीनं न्या."

डिसेंबरात कावीळ आली. सात पोरं पिवळी पडली. चार प्लॉटवरची, तीन वाडीतली. त्यांत शालनची धाकटी बहीण होती आणि हौसाची मथुराही. बाई शाळा सुटली की आधी वर, मग खाली, अशा घरोघर फिरायच्या. यमुनाबाई उशाशी बसलेली असायची.  एकदा म्हणाली, "हमरस्त्याला भ्याले मी. पाण्याला भ्यायला हवं होतं."  पोरं वाचली सगळी. पण सात आयांनी सात वेळा तक्रार केली आणि जानेवारीत साहेब आले.

साहेब शिक्षण खात्यातले विस्तार अधिकारी, तरुण, घाईतले, पण वाईट नव्हते. ते पडवीतून आत शिरले तेव्हा पाय ठेवायला जागा करण्यासाठी पहिलीच्या तीन पोरांना उचलून दुसऱ्यांच्या मांडीवर बसवावं लागलं. त्यांनी रुमाल नाकाला लावला, मग लाजून खिशात घातला.

"यंदाच्या दोन खोल्या माझ्याकडे आहेत," ते म्हणाले. "मार्चअखेर वापरल्या नाहीत तर परत जातील. जागा दाखवा."

बाईंनी शाळेशेजारची मोकळी जागा दाखवली.

"कोणाच्या नावावर आहे?"

"देवाच्या."

"मग देवाची संमती आणा," साहेब हसले. "चेष्टा नाही करत, बाई. देवस्थानच्या मानकऱ्यांच्या सह्या लागतील. वीस मार्चच्या आत. नाहीतर सड्यावर एक जण दहा गुंठे फुकट द्यायला तयार आहे. शाळा आली की त्याच्या प्लॉटना भाव येतो, एवढाच त्याचा दानधर्म."

"तिकडे खोल्या झाल्या तर ही शाळा?"

"तीच वर जाईल. मैलाच्या आत दोन शाळा कशा देऊ? आणि खरं सांगा, एकशे शहाऐंशींतली दीडशे मुलं वरची. छत्तीस मुलांसाठी दीडशेंना दरीत उतरवायचं?"

दीडशे मुलांच्या बाजूने विचार केला तर साहेबांचं बरोबर होतं. पण सड्यावर शाळा गेली तर वाडीतलं सहा वर्षांचं पोर पावसाळ्यात व्हाळ ओलांडून, पाखाडी चढून, रोज जाईल आणि रोज येईल, हे साहेबांना कागदावर दिसत होतं. बाईंना ते पोर दिसत होतं. दोन वर्षांपूर्वी व्हाळाने भर दुपारी म्हैस ओढून नेली होती. प्लॉटच्या पोरांना बाई हाताला धरून आणत, तरी पलीकडे गेल्यावर पुन्हा मोजत.

"आणते सह्या," त्या म्हणाल्या.

देवळापुढच्या सहाणेवर, पालखी टेकवायच्या चौथऱ्यावर, गावकी बसली. मानकरी सहा घरचे. पाच हजर. सहावा महिपत, मुंबईत माझगावला गोदामावर वॉचमन. देवाच्या जागेचं काही करायचं तर आधी देवाला विचारायचं, ही रीत. गुरवाने अंघोळ करून देवाच्या अंगाला फुलाच्या पाकळ्या लावायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आणि सहाही मानकरी असल्याशिवाय पाकळी लावायची नाही. तीन वर्षांपूर्वी पालखीच्या वाटेवरून महिपतला न विचारता कौल घेतला होता, त्याचा राग त्याच्या पोटात अजून होता.

त्याला पत्र गेलं. उलट टपाली त्याचं पत्र आलं. बाईंनीच ते सहाणेवर वाचून दाखवलं. "मी आल्याशिवाय देवाला हात लावू नये. शिमग्याला येतोच आहे. लावल्यास मी मानणार नाही व पालखीला खांदा देणार नाही. शाळेबद्दल माझे काही म्हणणे नाही. शाळा ही व्हावीच."

"व्हावीच म्हणतो आणि अडवतो पन," सरपंच गुणाजी म्हणाला. त्याने डोकं खाजवलं. "शिमगा कधी हाय औंदा?"

"पंचवीस मार्च," लवू म्हणाला.

"आणि सायबांची तारीख?"

"वीस."

फरक पाच दिवस. मग गुणाजी बाईंच्या जवळ सरकला. आवाज उतरवून म्हणाला, "बाई, असं करू. कागद करू. पाच सह्या आमच्या. महिपतची मी करतो. तो सही करतो ती मला पाठ हाय, म-ला काना लावल्यासारखी. मुंबईतनं कोन बघायला येतोय? खोल्या उभ्या राहिल्या की बोंबलंल, मग जत्रंत एक नारळ देऊ."

"आणि देवाला न विचारता?" लवूने विचारलं.

"देव काय शाळंला नाही म्हनंल?"

"म्हणेल असं नाही. पण विचारायचं तर विचारायचं. आमचे आबा असते तर त्यांनी तुला या सहाणेवर बसू दिलं नसतं."

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. शिकलेल्या त्याच. त्यांनी हो म्हटलं असतं तर कागद तिथल्या तिथे झाला असता. बाईंच्या मनात आलंही. पण त्या गुरवाची पोर होत्या. लहानपणी ओल्या पंच्याने उभ्या वडिलांच्या मागे बसून त्यांनी पाकळी पडायची वाट कितीदा बघितली होती, तेव्हा गाभाऱ्यात माशीचं गुणगुणणंही ऐकू यायचं. खोट्या सहीच्या पायावर पोरांना 'खोटे बोलू नये' शिकवायचं, हेही होतं. आणि आणखी एक होतं, ते खरं तर त्यांना पुढे सगळ्यांत जास्त बोचलं. आपण साहेबांना सांगू, साहेब ऐकतील, असं त्यांना वाटलं. पोरं मागायला गेल्या तेव्हा मिळाली होती. पाच दिवस मागायला काय.

"खोटं नको," त्या म्हणाल्या. "मी मुदत मागून घेते."

"तुमी म्हनाल तसं," गुणाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून बाई रत्नागिरीला कचेरीत गेल्या. साहेब दौऱ्यावर निघाले होते, एक पाय जीपमध्ये.

"पाच दिवस ना?" ते म्हणाले. "बघतो."

बाई तो शब्द पदरात बांधून घरी आल्या. कचेरीत 'बघतो' म्हणजे काय ते कुणी सांगावं. वाडीत कुणी 'बघतो' म्हणालं की तो माणूस संध्याकाळी दारात येतो. वीस वर्षं पोरांना अर्ज लिहायला शिकवणाऱ्या बाईंनी स्वतः एका ओळीचा अर्ज दिला नाही.

वीस तारीख गेली. कचेरीतून काही आलं नाही, तेव्हा बाईंना वाटलं, साहेबांनी बघितलं असणार.

महिपत चोवीस तारखेच्या रात्रीच्या गाडीने आला. खांद्यावर रेक्झिनची बॅग, अंगात सफारी. सकाळी तो थेट शाळेत आला, पडवीत उभा राहून पोरांच्या गर्दीकडे बघत राहिला.

"बाई, मी हितं बसायचो," तो म्हणाला. "त्या खांबाला टेकून. तवा सात पोरं होतो आमी."

"आठ," बाई म्हणाल्या. "तुझी बहीण धरून."

"माझी पोरं मुंबईत शिकतात. मला काय करायची ही जागा. पन देवाजवळ आमचं नाव हाय, ते पुसायचं न्हाय, एवढंच."

दुपारी पालखी निघायच्या आधी कौल लावला. लवू ओल्याने उभा. महिपतनेच गाऱ्हाणं घातलं, "बा देवा, तुझ्या पोरांच्या शाळंला तुझी जागा मागतो हाव. राजीखुशी असशील तर उजवी दे." गाव सभोवती उभं. बाई बायकांच्या बाजूला, हौसाच्या शेजारी. मथुरा आईच्या कडोसरीला धरून. पाच मिनिटं गेली असतील, दहा गेली असतील. उजवी पाकळी सुटली आणि देवाच्या पायांशी पडली.

ढोल वाजला. हौसाने बाईंचा हात धरला. महिपतने तिथेच, खांबावर कागद टेकवून सही केली. अठ्ठेचाळीस साली बाई दहा वर्षांच्या होत्या, तेव्हा शाळा बांधायला याच देवाने उजवा दिला होता, हे त्यांना आठवलं. आणि त्या दिवशी पालखीपुढे त्या पोरीबाळींसारख्या नाचल्या. लवूची बायको दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगत होती, आमच्या वन्सं नाचल्या म्हणून.

धुळवडीची सुट्टी गेली. सत्तावीसला बाई कागद घेऊन कचेरीत गेल्या. साहेब नव्हते. कारकुनाने फाईल काढली, पानं उलटली.

"ही सड्याची झाली ना, बाई. वीस तारखेलाच वर गेली."

"साहेबांनी मुदत दिली होती."

"तसं पत्र?"

"बोलले होते. बघतो म्हणाले होते."

कारकून जुना माणूस होता. त्याने चष्मा काढला. "बघितलं त्यांनी. खोटं नाही सांगत. वीस तारखेला चार वाजेपर्यंत फाईल टेबलावर ठेवली होती. मला दोनदा विचारलं, जांभूळकोंडचं काही आलं का. नाही आलं. मग सही केली. मार्च आहे, बाई. एवढा एक अर्ज टाकला असतात तरी हातात काहीतरी धरायला राहिलं असतं त्यांना."

बाईंनी कागद टेबलावर ठेवला. त्याने तो दोन बोटांनी परत सरकवला, हळूच. उद्धटपणाने नाही.

गावात कुणी त्यांना बोललं नाही. गुणाजीने फक्त "असो" म्हटलं. लवू ओटीवर बसला होता, तो म्हणाला, "देवाने तर उजवा दिला होता."

"हो," बाई म्हणाल्या. "दिला होता."

कारखान्याच्या ट्रकांनी सामान आणलं आणि दोन महिन्यांत सड्यावर दोन खोल्या उभ्या राहिल्या. छप्पर पत्र्याचं. जूनमध्ये शाळा वर गेली. खालच्या खोल्यांना ग्रामपंचायतीने कुलूप लावलं, मग रेशनचं धान्य ठेवलं. काशीराम गुरुजी मे महिन्यातच निवृत्त झाले होते. सड्यावर नवीन मुख्याध्यापक, नळ, शिपाई. नळाला पाणी एक दिवसाआड. शिपाई आला तेव्हा पाणी भरणाऱ्या हौसाचं काम गेलं.

आणि पट भरला दोनशे एकतीस. वर्ष उलटलं नव्हतं तेवढ्यात कारखान्याने दुसरी पाळी सुरू केली होती आणि सड्यावर चाळीस बिऱ्हाडं नवीन आली होती. दोन खोल्यांत दोनशे एकतीस मुलं बसत नाहीत, हे बाईंना पाठ होतं. नव्या मुख्याध्यापकांनी शाळेच्या दोन वेळा केल्या. पहिली-दुसरी सकाळी सात ते साडेअकरा. तिसरी-चौथी बारा ते साडेपाच. बाईंना पहिली मिळाली. शहात्तर मुलं.

पहाटे सहाला बाई घरून निघत. वाडीतली पहिली-दुसरीची नऊ पोरं बरोबर. त्यांना हाताला धरून व्हाळ ओलांडायचा, पाखाडी चढायची. तेवढी नऊ त्यांनी सोडली नाहीत. पण तिसरी-चौथीची? त्यांना बाराला कोण नेणार आणि साडेपाचला, पावसाच्या अंधारात, कोण आणणार? मोठे मुलगे आपले आपण जात. मुली एकेक करून घरी बसल्या.

बाई मुख्याध्यापकांना म्हणाल्या, "वाडीतल्या तिसरी-चौथीच्या मुलींना सकाळी बसवून घ्या. सात जणी आहेत. माझ्या वर्गात बसतील, मी शिकवीन."

"तुमच्या वर्गात शहात्तर आहेत ना?"

"त्र्याऐंशी होतील."

"बाई, परवा चौदा पालक आले होते. त्यांनाही सकाळची हवीय. तुमच्या सात घेतल्या तर त्यांना काय सांगू? माझ्या दाराशी रांग लागेल." ते वैतागले नव्हते, थकले होते. "आणि बसवणार कुठे? दाखवा मला, मी बसवतो."

बाईंनी वर्गाकडे पाहिलं. दाराच्या उंबऱ्यावर दोन पोरं बसली होती.

हौसाने प्लॉटवर धुणंभांड्याची चार घरं धरली. त्यांतलं एक यमुनाबाईचं. तीही पहाटे बाईंच्या बरोबरच पाखाडी चढायची, आणि तिच्याबरोबर मथुरा. नऊ वर्षांची पोर घरी आंधळ्या आजीच्या भरवशावर कशी ठेवायची. शिवाय भांडी विसळायला दोन हात होतात.

चढता चढता बाई तिला पाढे म्हणायला लावायच्या. चौदाच्या पाढ्याला पाखाडी संपायची.

"हौसा, दुपारी तू इथेच थांबलीस तर?" बाईंनी एकदा विचारलं. "साडेपाचला घेऊन उतरशील."

"साडेपाचपर्यंत कुठं थांबू, बाई? कुनाच्या वसरीवर? घरी सासू आंधळी, गोठ्यात रेडी हाय, लावणी पडलीय." ती दोन पायऱ्या चढली. "माजी पोर शिकावी असं मला वाटत न्हाय का? तुमी नका विचारू सारखं. मग मला दिवसभर हात चालत न्हाईत."

बाईंनी पुन्हा विचारलं नाही. यमुनाबाईकडे मात्र गेल्या. तिने धाकट्या मुलीची गेल्या वर्षीची पुस्तकं काढून दिली, पुठ्ठे घालून ठेवलेली. म्हणाली, "रिकामी झाली की अर्धा तास धाकटीच्या शेजारी बसू दे की. मी काय नको म्हणत न्हाई." मनाने चांगली बाई. पण धाकटीची बाराची शाळा, अकराला तिची वेणी, जेवण. आणि मथुराला अकरापर्यंत आणखी दोन घरची भांडी. दोन दिवस बसली, तिसऱ्या दिवशी जमलं नाही.

जुलैच्या अखेरीस मुख्याध्यापकांनी बाईंपुढे तिसरी-चौथीचा हजेरीपट ठेवला. सलग गैरहजर राहिलेल्यांची नावं कमी करायची होती. जागा मोकळी झाली तर प्रतीक्षेतली घेता येतील. "तुमच्या वाडीतल्या आहेत, तुम्हीच खात्री करून सांगा," ते म्हणाले. बाईंनी सात नावं वाचली. खात्री करण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी मान हलवली. संध्याकाळपर्यंत त्या सात जागांवर प्लॉटवरची सात मुलं आली, आणि तीही कुणाची तरी लेकरंच होती, फिट्ट बसलेल्या नव्या गणवेशातली, घाबरलेली. बाईंना त्यांचा राग आला. मग स्वतःचा आला.

ऑगस्टमधली एक सकाळ. पाऊस पत्र्यावर असा पडत होता की शहात्तर पोरांचा आवाजही ऐकू येत नव्हता. बाई फळ्यावर 'क'ची बाराखडी काढत होत्या. पोरं खिडकीकडे बघायला लागली म्हणून त्यांनी वळून पाहिलं. खिडकीबाहेर, पागोळ्यांच्या आत भिंतीला चिकटून मथुरा उभी होती. डोक्यावर पोत्याची खोळ. हात राखेने पांढरे पडलेले. तिच्या दोन घरांच्या मधे थोडा वेळ होता बहुतेक. ती फळ्याकडे बघत नव्हती. हे तिला केव्हाच येत होतं. ती वर्गातल्या पोरांकडे बघत होती, जागा शोधावी तशी.

"बाई, आत येऊ?" तिने ओठांनी विचारलं. आवाज पावसात गेला.

बाईंनी वर्गावरून नजर फिरवली. भिंतीपासून भिंतीपर्यंत. दारात तीन पोरं, त्यांची दप्तरं भिजू नयेत म्हणून मांडीवर. मुख्याध्यापक पलीकडच्या खोलीच्या दारात उभे होते आणि त्यांनीही पाहिलं होतं. हिला घेतली की उद्या उरलेल्या सहा येतील, परवा रांग.

त्या खिडकीपाशी गेल्या. गजातून हात घालून त्यांनी पोरीच्या खोळीवरचं पाणी झटकलं.

"मथुरा, आई शोधत असेल," त्या म्हणाल्या. "जा बाय."

पोरीने मान डोलावली आणि ती गेली. बाई परत फळ्याकडे आल्या. पुढचं अक्षर कुठलं ते त्यांना आठवेना, म्हणून त्यांनी पहिल्या रांगेतल्या मुलाला विचारलं.